सेट प्रोसीजर टू सामाईक

साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर सेक्शनमध्ये मी बरेच सीझन काढले. आता मैत्रिणी जमल्या की कोणीतरी म्हणतंच, "तुझ्या कारखान्यातलं सांग ना काहीतरी!" मग मी सांगते. सगळ्या पोट धरधरून हसतात, आणि घरी येताना माझं डोकं मात्र तापलेलं असतं. कारण कुठलाही किस्सा सांगायला घ्या, त्यात मिलिंद निघतोच.

असले किस्से साठतात कसे? कारखान्याच्या मागे बगॅसचा, म्हणजे पिळलेल्या उसाच्या चिपाडाचा, ढीग साठतो ना, तसे. रस कुणीतरी केव्हाच नेलेला असतो. उरलेलं वाऱ्यावर उडतं आणि आपल्या डोळ्यांत जातं.

कारखाना शिरूर आणि दौंडच्या मध्ये कुठेतरी होता एवढंच सांगते, नाव नको. नव्वदचं दशक. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीतून एसटीने जायचे. सेक्शनमध्ये एसी होता, पण तो मशीनसाठी. आमच्यासाठी चपला बाहेर काढायची पाटी होती. मॅनेजर पाटसकर साहेब, पुण्याचे. मी ऑपरेटर म्हणून कायम झालेली, थोडेफार प्रोग्रामही लिहायचे. आणि वडगाव रासाईचा मिलिंद. तो सगळे प्रोग्राम लिहायचा, आणि तो रोजंदारीवर होता!

\* \* \*

तेव्हा आमचं सगळं फॉक्सप्रो नावाच्या भाषेतल्या प्रोग्रामवर चालायचं. उसाचं वजन काढायचं गणित साधं. भरलेली गाडी वजा रिकामी गाडी, आणि मोळ्या बांधायला वापरलेल्या पाल्याची वजावट. पण हे गणित प्रत्येक प्रोग्राममध्ये वेगळं लिहिलेलं होतं. काट्यावरच्या पावतीत, शेतकऱ्याच्या खात्यात, तोडणीवाल्यांच्या खात्यात, रोजच्या रिपोर्टात. कुठे काय लिहिलंय ते शोधायचं म्हणजे इनामगावला पुरातत्त्ववाले टेकाड खणायचे तसं थरावर थर उपसत बसायचं.

एकदा संचालक मंडळाने वजावट बदलली. आम्ही सगळीकडे बदलली आणि एका ठिकाणी विसरलो. झालं! पावतीवर एक वजन आणि खात्यावर दुसरं.

एक म्हातारे शेतकरी दोन्ही कागद घेऊन सेक्शनमध्ये आले. चपला बाहेर काढल्या, कागद माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "बाई, ऊस माझा एकच हाय. तुमच्यात कुणाचं खरं धरायचं ते तुमी आपसात ठरवा. मी तवर बसतो."

आणि बसले की! एसीच्या गारव्यात संध्याकाळपर्यंत बसले. जाताना "हितं झोप ब्येस लागती" असं म्हणून गेले.

त्या दिवशी मिलिंद म्हणाला, "ताई, एकच गोष्ट धा ठिकाणी लिव्हली की धा ठिकाणी चुकायची सोय व्हते. वजनाचं गणित एका फायलीत ठेवू. बाकीच्यांनी नुसती हाक मारायची."

त्याने तशी फाइल केली. नाव ठेवलं सामाईक. मग आमच्या प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर एक ओळ आली, ‘सेट प्रोसीजर टू सामाईक’. म्हणजे काय, तर जे काम तुला स्वतःला येत नाही, त्यासाठी बाहेरच्या सामाईक नावाच्या फाइलीत जा, तिथे लिहून ठेवलंय. वजन, तारखा, शेतकऱ्याचा कोड, मराठी अंक छापणं, सगळं तिथे, एकेका कामाचा आपापल्या नावाचा तुकडा, त्याला फंक्शन म्हणायचं. असल्या फाइलीला लायब्ररी म्हणतात. त्यावरचा पुस्तकांचा विनोद कारखान्यातल्या प्रत्येकाने करून झालेला आहे, तो मी करणार नाही.

मिलिंदने साहेबांना दाखवलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"एकदाच लिहायचं म्हणता? मग वर्षभर तुम्ही करणार काय?"

\* \* \*

प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव टाकायची पद्धत होती. मिलिंदने स्वतःचं टाकलं होतं. एके दिवशी फाइल उघडली तर तिथे पाटसकर साहेबांचं नाव! मी तडक केबिनमध्ये गेले.

"साहेब, सामाईक मिलिंदने लिहिली ना?"

"सेक्शन कोणाचा आहे?" साहेब म्हणाले. आणि मला वाटतं, त्यांना हे उत्तर खरंच पुरेसं वाटत होतं.

पुढे पुण्याला कारखान्यांच्या कॉम्प्युटरवाल्यांची परिषद भरली. साहेबांनी तिथे लायब्ररीवर भाषण ठेवलं. प्रोजेक्टरवर कागद सरकवायला मला नेलं. मिलिंदला नेता येत नव्हतं, कारण रोजंदारीवाल्याला कारखान्याच्या खर्चाने गावाबाहेर नेण्याची तरतूद नव्हती. भाषण झोकात झालं. शेवटी सोलापूरकडच्या एका माणसाने विचारलं, "सर, दोन ठिकाणी एकाच नावाचं फंक्शन निघालं, तर तुमचा प्रोग्राम कुणाचं ऐकतो?"

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला.

"आमच्याकडे शिस्त आहे. आम्ही एका नावाची दोन माणसंसुद्धा ठेवत नाही!"

टाळ्यांचा कडकडाट. विचारणारा माणूस मात्र उभाच राहिला होता बिचारा.

दुसऱ्या दिवशी मी हे मिलिंदला रागारागाने सांगितलं. तो सगळं ऐकून म्हणाला, "त्या माणसाचा प्रश्न चांगला होता." आणि दिवसभर त्याच प्रश्नाच्या मागे लागला. मला मिलिंदचाही राग यायचा तो असा.

\* \* \*

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा होते. बॉयलरला हार, क्रेनला हार, आमच्या मॉनिटरलाही हार. त्या वर्षी साहेबांच्या मिसेस आल्या होत्या. पूजा सुरू होणार तेवढ्यात साहेब मिलिंदला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर यूपीएसकडे थांबा. लाइट गेली तर पंचाईत नको."

लाइट होती. यूपीएसही ठीक होता. सगळा स्टाफ आत, अगदी कॅन्टीनवालेही आत, आणि मिलिंद एकटा बाहेर यूपीएसच्या खोलीत.

नंतर मी विषय काढला तर म्हणाला, "मी बौद्ध माणूस, पूजेला बसलोच नसतो ताई. पण ‘नको’ माझं मला म्हणू द्यायचं का न्हाई?"

आत पूजा मात्र अगदी यथासांग झाली. मिसेसनी की-बोर्डला हळदकुंकू लावलं, प्रिंटरला लावलं, आणि टेबलावर एक फ्लॉपी दिसली तिलाही लावलं. वरची पत्र्याची पट्टी सरकवून अगदी आतल्या गाभ्याला! ती सामाईकची नवी फ्लॉपी होती, सीझनसाठी काट्यावरच्या कॉम्प्युटरमध्ये घालायची. काट्यावर नेऊन घातली तर ड्राइव्ह करकरला आणि स्क्रीनवर आलं, की अशी फाइलच अस्तित्वात नाही.

साहेबांनी मेमो काढला. कुणाला? मिलिंदला. ‘फ्लॉपीची योग्य ती काळजी न घेतल्याबद्दल.’ मेमो आस्थापना विभागात गेला आणि तिथल्या क्लार्कने परत पाठवला. रोजंदारीवाला स्टाफमध्ये धरत नाहीत, त्याला मेमो देता येत नाही!

साहेब हिरमुसले. मिलिंद मात्र त्यांच्या केबिनच्या दारात जाऊन उभा राहिला.

"साहेब, द्या की तो मेमो. सही करून घेतो. मी हितं कामाला हाय असं लिव्हलेला तेवढा एक तरी कागद राहील माझ्याजवळ."

साहेबांनी मेमो टराटरा फाडला. त्यांना इतक्या चपळाईने काही करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

\* \* \*

मग विक्रम शिकाऊ म्हणून आला. एका संचालकांना सगळे आप्पा म्हणायचे, त्यांचा हा भाचा. शिरूरच्या क्लासमधून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आलेला. त्याच्याबद्दल वाईट बोलायचं मी ठरवलं तरी जमत नाही. मनाने निर्मळ पोरगा. मला ताई, मिलिंदला दादा. येताना शेतातले पेरू आणायचा आणि आधी मिलिंदपुढे ठेवायचा.

साहेबांनी त्याला संचालक मंडळासाठी एक रिपोर्ट करायला दिला. त्यात उसाचं वजन लागणार होतं. सामाईकमध्ये ते आहे हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने आपल्याच प्रोग्राममध्ये ‘वजन’ नावाचं फंक्शन लिहून टाकलं. पाल्याची वजावट विसरला.

रिपोर्टात ऊस फुगला. साखर तेवढीच. म्हणजे उसामागे साखरेचा उतारा घसरला! बैठकीत आरडाओरडा. चीफ केमिस्टला उभं केलं. त्या माणसाने पुन्हा पुन्हा रस तपासला, शेवटी स्वतःच्याच प्रयोगशाळेवरचा त्याचा विश्वास उडाला.

मिलिंदने प्रोग्राम उघडला, विक्रमचं ‘वजन’ पाहिलं आणि त्याला शेजारी बसवलं.

"हे बघ विक्रम. प्रोग्रामला वजन पाहिजे असलं की तो आधी आपल्या घरात बघतो. घरात त्या नावाचं कुणी सापडलं की भाईरच्याला हाकच मारत न्हाई. घरातला बरोबर हाय का चूक, ते बघत न्हाई. नाव जुळलं की झालं."

विक्रमचे डोळे मोठे झाले. "आयला, भारी हाय की हे!"

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "छान. आता हे इथेच ठेवा. केमिस्टला ताकीद दिलेली आहे, ती परत घेता येत नाही."

\* \* \*

त्याच वर्षी उन्हाळ्यात प्रोग्रामरची एक कायम जागा निघाली. एकच. मिलिंदने अर्ज केला. त्याची बायको अंगणवाडीत होती, पोरगी शाळेत जायच्या वयाची झालेली, आणि वडगावच्या घरात एकच खोली. कायम झाला तर कॉलनीत क्वार्टर मिळणार, आणि कॉलनीतल्या शाळेत पोरगी जाणार. त्याने हे एकदाच सांगितलं होतं, पण मी ते रोज मनात म्हणायचे.

इंटरव्ह्यूला तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. मंडळाच्या हॉलमध्ये मोठं टेबल, पलीकडे संचालक, कडेला पाटसकर साहेब. मला फायली पुढे करायला बसवलं होतं, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"काय काम केलंय तुम्ही?"

"साहेब, सामाईक लायब्ररी मी लिव्हली."

एका संचालकांनी समोरचा छापील कागद उचलला. "हितं तर पाटसकरांचं नाव हाय."

मिलिंदने साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, मळीची टाकी होती. मी तोंड उघडलं. "ती फाइल मिलिंदने…" तेवढ्यात साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही फायली द्या."

विक्रमला एकच प्रश्न विचारला. "आप्पांचा गुडघा कसाय आता?"

"बरा हाय. चालत्यात आता."

"छान, छान!"

जागा विक्रमला मिळाली. तो पेढे घेऊन आला तेव्हा त्याची मान वर होत नव्हती. "दादा, आईशप्पथ, मला वाटलं तुमचंच व्हनार."

मिलिंदने पेढा घेतला. "तुला सांगितलं होतं की रे. आधी घरात बघतात." मग पेढा खाल्ला आणि म्हणाला, "चांगला हाय. शिरूरचा का?"

मी पेढा घेतला नाही. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. अजूनही हे सांगताना माझा आवाज चढतो, तो चढू दे.

\* \* \*

आता ब्रेक म्हणजे काय ते सांगते. नाहीतर पुढचं खोटं वाटेल.

रोजंदारीवाला सलग ठरावीक दिवस भरला की कायम होण्याचा हक्क सांगू शकतो. म्हणून तेवढे दिवस भरायच्या आत त्याला ब्रेक द्यायचा. थोडे दिवस त्याचं नाव काढायचं, गेटच्या आत येऊ द्यायचं नाही, आणि मग नव्याने लावायचं. मिलिंद दर वर्षी कागदावर नवा लागायचा. सामाईक मात्र जुनीच, अखंड चालू. फाइलीला ब्रेक नाही, लिहिणाऱ्याला ब्रेक!

ब्रेकमध्येही तो रोज सायकल मारत यायचा आणि गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसायचा. आत काही अडलं की मी जायचे, विचारायचे. तो चहाचा ग्लास हातात घेऊन सांगायचा, "अमक्या ओळीनंतर तमकं टाका." मी आत येऊन तसं टाइप करायचे. साहेबांना ठाऊक होतं. ते म्हणायचे, "मॅडम, चहा जरा जास्तच होतोय तुमचा." पण थांबवायचे नाहीत.

जागा हुकल्यावर मिलिंद शिरूरला एका वकिलांना भेटला. वकील म्हणाले, ब्रेकच्या काळात एकदा जरी आत बोलावून काम करून घेतलं, तरी तो ब्रेक खोटा ठरतो. मग पुढचं मी बघतो. बास, तेवढंच पाहिजे होतं. गेटच्या आत एक दिवस.

वकिलांकडची बातमी कारखान्यात पोचायला किती वेळ लागतो! साहेबांनी गेटवरच्या वॉचमन मामांना माझ्यादेखत बजावलं, "त्याचं पाऊल आत पडता कामा नये."

मामा म्हणाले, "साहेब, मी आजवर चोराला आडवला न्हाई एवढ्या मनानं, पर तुमी म्हंताय तर आडवतो."

\* \* \*

आणि हा शेवटचा. सीझन नुकताच सुरू झाला होता, आणि मिलिंद ब्रेकवर होता.

विक्रमने काट्याच्या पावतीत सुधारणा केली. तोडणीवाल्यांच्या मुकादमाचं नाव छापायचं होतं. त्यासाठी त्याने आपली वेगळी फाइल केली, आणि काट्याच्या प्रोग्रामवर ‘सेट प्रोसीजर टू सामाईक’च्या खाली दुसरी ओळ टाकली, ‘सेट प्रोसीजर टू विक्रम’. त्याला वाटलं एक होती, आता दोन झाल्या. मलाही तसंच वाटलं असतं. दुसरी फाइल करायची वेळ तोवर कुणावर आलीच नव्हती.

सकाळी पहिली बैलगाडी काट्यावर चढली आणि स्क्रीनवर आलं, ‘वजन’ अशी फाइलच अस्तित्वात नाही. मशीन बंद करून चालू केलं. तेच. हाताने पावती लिहायला मंडळाने बंदी घातलेली. काटा थांबला.

गाड्यांची रांग गेटमधून बाहेर, टपरीवरून पुढे, पार वळणापर्यंत गेली. ऊन चढलं. बैल जुवाखाली फेस गाळायला लागले. तोडणीवाल्या बायका गाड्यांच्या सावलीत पोरं घेऊन बसलेल्या. रांगेत शिव्या सुरू झाल्या, त्या सगळ्या कॉम्प्युटरला.

मी पळत टपरीवर गेले. मिलिंद म्हणाला, "ताई, तोंडी न्हाई सांगता येणार. स्क्रीन बघायला लागंल. मी आत येतो, करून देतो."

मी साहेबांना सांगितलं. साहेब स्वतः गेटपर्यंत आले. मामांनी गेटला पाठ लावली. गेटच्या गजांतून दोघांचं बोलणं झालं.

"काय झालंय ते सांगा, मॅडम करतील."

"बघितल्याबिगर कळायचं न्हाई. आत येऊ द्या साहेब, काम करतो."

"आत नको."

"मग कसं करू?"

साहेब आत गेले. मी देवाला नाही, मिलिंदलाच मनात विनवत होते. हलू नकोस. आज हलू नकोस. त्यांना तुला आत बोलवावंच लागेल. तुझं क्वार्टर, पोरीची शाळा, सगळं त्या गेटच्या एका पावलावर आलंय. थांब. बैलांना बघू नकोस.

थोड्या वेळाने साहेब काट्याच्या केबिनमधून बाहेर आले. हातात की-बोर्ड. त्यांच्या मागे काटा क्लार्क, हातात मॉनिटर. त्याच्या मागे विक्रम, छातीशी सीपीयू धरलेला, चेहरा रडवेला. एक्स्टेन्शनची वायर गेटच्या गजांतून बाहेर काढली. टपरीवरचं भज्यांचं ताट सरकवलं आणि कारखान्याचा कॉम्प्युटर तिथे मांडला!

"आता बघा," साहेब म्हणाले.

मिलिंद बाकावरून उठला नाही. हातातला चहा निवलेला होता, तो त्याने तसाच धरून ठेवला.

रांगेतल्या एका गाडीवरून एक बाई उतरली. कडेवर तान्हं लेकरू. बीडकडची असावी. ती मिलिंदपुढे येऊन उभी राहिली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "सायेब, तुमीच थांबिवलंय व्हय हे?"

मिलिंदने ग्लास खाली ठेवला आणि कॉम्प्युटरपुढे बसला.

त्याला फार वेळ लागला नाही. दोन ओळी बघितल्या बघितल्या म्हणाला, "विक्रम, एका वेळी एकच फाइल उघडी राहती रे. दुसरी उघडली की पहिली गप बंद व्हते. तुला सांगत पण न्हाई." विक्रमने मान खाली घातली. मिलिंदने त्याची ओळ काढली. पण त्याचं काम फेकलं नाही. मुकादमाचं नाव छापायचं ते फंक्शन उचललं आणि सामाईकच्या शेवटी आत घेतलं. वर एका ओळीत लिहिलं, लेखक विक्रम.

पावती निघाली. मुकादमाच्या नावासकट. रांगेत कुणीतरी शिट्टी मारली.

तेवढ्यात चेअरमन साहेबांची जीप रांगेच्या कडेकडेने धुरळा उडवत आली. ते उतरले, भज्यांच्या ताटाशेजारचा कॉम्प्युटर बघून क्षणभर गांगरलेच.

"आरं, ह्यो हितं कसा?"

"साहेब, काटा बंद पडला होता. आता चालू झाला," पाटसकर साहेब घाईघाईने म्हणाले.

"कुणी केला?"

साहेबांनी मिलिंदकडे हात केला. चेअरमन साहेब पुढे आले, मिलिंदच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! मोठं काम केलंत. लोकांचा ऊस वाळला आस्ता आज." मग साहेबांकडे वळून रागावले. "आन् काय हो पाटसकर, भाईरनं आलेल्या आसल्या माणसाला टपरीवर बसवताय व्हय? आत न्या की त्यांना. माझ्या केबिनमधी बसवा, चहा पाजा!"

मामांनी गेटचा अडसर हातात घेतला. मिलिंद उभा राहिला. त्याने सदऱ्याची कॉलर नीट केली.

पाटसकर साहेब चेअरमन साहेबांच्या कानाशी गेले, पण बैल, गाड्या, माणसं असा गलका होता, त्यामुळे त्यांना मोठ्यानेच बोलावं लागलं.

"साहेब, त्यांना आत घेता येत नाही."

"का म्हून?"

"ते आपल्याकडेच कामाला आहेत."